औषधाचं संशोधन, औषधाचं मूल्य, औषधाचं नाव



आजचा विषय औषधांचा आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा, तेव्हा हा गृहस्थ इथे काय करतोय असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतोच आहे. मी डॉक्टर आहे तो पीएच.डी.वाला, गोळ्या देणारा नव्हे. औषध कसं बनवावं, कुणाला किती द्यावं, याबद्दल मला काहीही सांगायचं नाही. पण औषधाबद्दल जे बोललं जातं, ते तपासून बघता येतं. बोलणं तपासणं हाच आमच्या विषयाचा धंदा आहे.

औषध कंपन्यांच्या मोठ्या संघटना आहेत, अमेरिकेत आहेत, युरोपात आहेत, आपल्या मुंबईतही आहेत. त्या सरकारांना निवेदनं देतात, धोरणपत्रं काढतात. ही धोरणपत्रं वाचली तर तीन शब्द सतत भेटतात : संशोधन, मूल्य आणि ओळख. त्यांचा युक्तिवाद आधी त्यांच्या बाजूने, प्रामाणिकपणे मांडतो. नवं औषध शोधायला दहा-बारा वर्षं लागतात आणि अफाट पैसा लागतो. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा रेणूंपैकी साधारण नऊ पुढे गळतात. यशस्वी झालेल्या एकाच्या किमतीतून या गळालेल्यांचाही खर्च निघायला हवा. दुसरं, किंमत ही औषधाने रुग्णाला आणि समाजाला जे दिलं त्याच्या मूल्यावरून ठरावी. आणि तिसरं, प्रत्येक औषधाची स्वतंत्र ओळख राहावी, कारण ओळख पुसली की सुरक्षितता गेली.

या तिन्हींत तथ्य आहे. हे सगळं थोतांड आहे, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. माझा आक्षेप वेगळा आहे.

आपल्याकडे न्यायदर्शनात वादाचे नियम सांगताना 'छल' नावाचा एक दोष सांगितलाय. छल म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा अर्थ गुपचूप बदलून वाद जिंकणं. त्याचे तीन प्रकार. एक वाक्छल. त्याचं जुनं उदाहरण आहे : देवदत्ताजवळ 'नव कंबल' आहे असं कुणी म्हणालं, म्हणजे घोंगडी नवी आहे. दुसरा म्हणतो, नऊ कुठे, मला तर एकच दिसतेय! दुसरा प्रकार सामान्यछल, म्हणजे काहींना लागू असलेली गोष्ट सरसकट सगळ्यांना चिकटवणं. तिसरा उपचारछल. इथे 'उपचार' म्हणजे दवापाणी नव्हे, तर लाक्षणिक बोलणं. 'मंच ओरडताहेत' म्हणजे मंचावरची माणसं ओरडताहेत. ते सोडून लाकूड कसं ओरडेल असं विचारायचं, किंवा लाकूडच ओरडतंय असं धरून चालायचं. आपले तीन शब्द या तीन खणांत कसे बसतात ते बघू.

संशोधन

आधी आकडा. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या एका केंद्राने २००३ साली सांगितलं, एका नव्या औषधाला ८० कोटी डॉलर लागतात. २०१४ साली तोच आकडा सुमारे २६० कोटी डॉलर झाला. संघटनांच्या प्रत्येक पत्रकात तो असतो. आता तो उघडून बघा. त्यातले सुमारे १४० कोटी प्रत्यक्ष खिशातून गेलेले. उरलेले सुमारे ११६ कोटी म्हणजे काय? तर हाच पैसा इतकी वर्षं दुसरीकडे गुंतवला असता तर जो परतावा मिळाला असता, तो. अर्थशास्त्रात याला आधार आहे, मी ते नाकारत नाही. पण 'खर्च झाला' आणि 'मिळाला असता' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पत्रकात त्या एकाच शब्दात येतात. शिवाय मूळ माहिती दहा कंपन्यांनी गोपनीय म्हणून दिलेली. बाहेरच्या माणसाला ती तपासता येत नाही. २०२० साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात उघड माहितीवर आधारलेला एक अभ्यास आला. त्यात मध्यक निघाला साधारण ९८ कोटी डॉलर. हीसुद्धा लहान रक्कम नाही. पण २६० आणि ९८ यांत अंतर किती, ते तुम्हीच बघा.

आता सामान्यछल. काही संशोधन खरोखरच धाडसाचं, नवं, महाग असतं. म्हणून 'संशोधन' हे नाव लागलेल्या प्रत्येक गोष्टीला तोच मान आणि तेच संरक्षण मागितलं जातं. ग्लिव्हेकचं प्रकरण आठवा. इमॅटिनिब हे रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरचं औषध खरोखर क्रांतिकारक होतं. पण नोव्हार्टिसने भारतात पेटंट मागितलं ते त्याच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(ड) म्हणतं की माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप हा शोध नव्हे, त्याची परिणामकारकता वाढल्याचं दाखवा. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता. पावडर नीट साठवता येते, नीट वाहते, एवढ्याने ती सिद्ध होत नाही. हा निकाल संशोधनाविरुद्ध आहे अशी ओरड झाली. मला वाटतं, न्यायालयाने संशोधन या शब्दाचा मान राखला.

आणि संशोधन करतं कोण? २०१० ते २०१६ या काळात अमेरिकेत मंजूर झालेल्या २१० नव्या औषधांचा मागोवा एका अभ्यासाने घेतला. प्रत्येकाच्या मुळाशी, म्हणजे औषधाशी नाहीतर ते शरीरात जिथे काम करतं त्या लक्ष्याशी संबंधित, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या अनुदानावर झालेलं संशोधन सापडलं. प्रत्येकाच्या. कंपन्यांनी काही केलं नाही असा याचा अर्थ नाही. पायाभूत ज्ञानापासून गोळीपर्यंतचा रस्ता लांब आणि खर्चिक असतो, तो बहुतेक वेळा कंपन्याच चालतात. पण करदात्याने पेरणी केली, कंपनीने मशागत आणि कापणी केली, आणि सातबाऱ्यावर नाव मात्र एकाचंच लागलं, तर वाटणीचा प्रश्न विचारायला हवा की नको?

मूल्य

आता मूल्य. इथे वाक्छल आहे, अगदी नव-कंबलाच्या जातीचा.

सोफोसबुव्हिर हे हेपटायटिस सी वरचं औषध. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. एक गोळी हजार डॉलर, बारा आठवड्यांचा कोर्स ८४ हजार डॉलर. औषध उत्तम, बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. गिलियडने ते स्वतः शोधलं नव्हतं. ज्या कंपनीने शोधलं ती सुमारे ११०० कोटी डॉलरला विकत घेतली होती. किंमत एवढी का, असं लोकांनी विचारलं. तेव्हा खर्चाचा मुद्दा फार ताणता येईना. मग मूल्य आलं : यकृत निकामी झालं तर प्रत्यारोपणाला किती लाख डॉलर लागतील याचा हिशेब करा, म्हणजे हे औषध स्वस्तच आहे. अमेरिकी सेनेटच्या अर्थसमितीने दीड वर्ष कागदपत्रं तपासली आणि डिसेंबर २०१५ मध्ये निष्कर्ष काढला की किंमत जास्तीत जास्त महसूल मिळावा म्हणून ठरवलेली होती.

इथे तर्काची गाठ लक्षात घ्या. किंमत खर्चावरून ठरत असेल, तर मूल्याची चर्चा गैरलागू आहे. किंमत मूल्यावरून ठरत असेल, तर खर्च किती झाला हे सांगण्याचं कारण नाही. दोन्ही निकष स्वतंत्र आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी खरे असतील तर ते निव्वळ योगायोगाने. पण धोरणपत्रांत दोन्ही शेजारी शेजारी बसतात, आणि ज्या वेळी जो सोयीचा तो उठून उभा राहतो. औषध फारसं गुणकारी नसेल तर खर्च दाखवायचा. खर्च फारसा नसेल तर मूल्य दाखवायचं.

मूल्य म्हणजे काय? उपयोगात असलेलं मूल्य वेगळं आणि बाजारातलं विनिमयमूल्य वेगळं, हा भेद ॲरिस्टॉटलने जोड्याचं उदाहरण देऊन केलाय. जोडा पायात घालता येतो आणि विकताही येतो. पाण्याशिवाय जगता येत नाही तरी ते स्वस्त, आणि हिऱ्याचा काही उपयोग नाही तरी तो महाग, हा ॲडम स्मिथचा दाखला तर कॉलेजातल्या मुलांनाही माहीत असतो. 'मूल्यावर आधारित किंमत' या शब्दात काय होतं? बोलताना उपयोगमूल्य बोलायचं : वाचलेला जीव, वाचलेलं यकृत. आणि बिल देताना विनिमयमूल्य लावायचं : या माणसाकडून जास्तीत जास्त किती निघू शकेल.

पुरावा हवा? तेच सोफोसबुव्हिर त्याच कंपनीने इजिप्तमध्ये बारा आठवड्यांना ९०० डॉलरला दिलं. हे चांगलंच केलं, माझी तक्रार नाही. पण इजिप्तच्या माणसाचं यकृत ९०० डॉलरचं आणि अमेरिकेच्या माणसाचं ८४ हजारांचं, असं काही आहे का? यकृताचं मूल्य तेच. बदलली ती देण्याची ऐपत. तर मग तिला ऐपत म्हणा, मूल्य म्हणू नका. ती गोळी बनवायला किती लागतात, याचा अंदाज २०१४ साली अभ्यासकांनी काढला होता : बारा आठवड्यांना ६८ ते १३६ डॉलर.

आणि हा मूल्याचा नियम खरा मानला तर तो सगळीकडे लावावा लागेल. घराला आग लागली, बंब आला, आग विझवली. आता बंबवाल्याने वाचलेल्या घराच्या किमतीवर बिल लावावं का? किंवा मीठ-साखर-पाणी घ्या. १९७१ साली बांगलादेशचे निर्वासित बनगावच्या छावण्यांत कॉलऱ्याने मरत होते. सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे साधं मिश्रण तोंडाने द्यायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्यानंतर जगभर किती कोटी मुलं यातून वाचली असतील! वाचलेल्या जिवावरून किंमत ठरवायची तर त्या पाकिटाला लाखो रुपये पडायला हवेत. ते काही रुपयांत मिळतं. का? कारण त्यावर कुणाची मक्तेदारी नाही. म्हणजे किंमत ठरवते ती मक्तेदारी. मूल्य नंतर साक्षीला बोलावलं जातं.

मूल्य मोजण्याचे प्रामाणिक प्रयत्नही झालेत. इंग्लंडमध्ये 'नाइस' ही संस्था पूर्ण आरोग्यातलं एक वर्ष हे एकक धरते. अंथरुणाला खिळून काढलेलं वर्ष एकापेक्षा कमी मोजते. असं एक वर्ष मिळवून द्यायला २० ते ३० हजार पौंडांच्या आत खर्च येत असेल तर सरकारी सेवेत औषध घ्यावं, असा तिचा अनेक वर्षं ढोबळ नियम होता. अमेरिकेतली औषधउद्योगाची संघटना या एककाला विरोध करते. कारण देते, यात अपंग आणि वृद्ध माणसाच्या जगण्याला कमी लेखलं जातं. हा आक्षेप नैतिकदृष्ट्या गंभीर आहे. अपंगांच्या चळवळीने तो मनापासून केलाय आणि तो मला पटतो. पण तागडी खोटी आहे, दुसरी आणा, असं म्हणणं वेगळं. आणि तागडीच नको, मी सांगतो ते वजन धरा, असं म्हणणं वेगळं. मूल्यावरून किंमत ठरवा असं म्हणणाऱ्यानेच मूल्य मोजायचं साधन नाकारलं, तर उरतं काय? विक्रेत्याचा शब्द.

आपल्याकडे हा प्रश्न एकदा अगदी स्वच्छपणे सोडवला गेला. बायरचं सोराफेनिब हे यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळत होतं. मार्च २०१२ मध्ये भारताच्या पेटंट नियंत्रकाने हैदराबादच्या नॅटकोला सक्तीचा परवाना दिला, किंमत महिन्याला ८,८८० रुपये, वर बायरला ६ टक्के स्वामित्वधन. ते पुढे अपिलात ७ टक्के झालं. कायद्यातला शब्द आहे 'वाजवीपणे परवडणारी किंमत'. वाजवी कुणाच्या दृष्टीने? बायरचं म्हणणं, पेटंटधारकाचाही विचार करा. नियंत्रक म्हणाले, मुख्यतः जनतेच्या दृष्टीने. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला. 'परवडणारी' हे विशेषण कुणाचं, एवढा एकच प्रश्न नीट विचारला गेला आणि २ लाख ८० हजारांचे ८,८८० झाले. शब्द तपासण्याने पोट भरत नाही म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण सांगतो.

ओळख

तिसरा शब्द, ओळख. वरवर हा सगळ्यात निरुपद्रवी वाटतो, पण गोंधळ इथेच जास्त आहे.

प्रत्येक औषधाला तीन नावं असतात. एक लांबलचक रासायनिक नाव. एक जागतिक आरोग्य संघटनेने दिलेलं सामाईक नाव. ही पद्धत १९५० च्या दशकात सुरू झाली. ते कुणाच्याही मालकीचं नसतं. त्याला कुळही असतं : शेवटी 'टिनिब' आलं की कर्करोगाच्या औषधांचं एक घराणं, 'प्रिल' आलं की रक्तदाबाचं. आणि तिसरं व्यापारी नाव, म्हणजे ब्रँड. ते कंपनीच्या मालकीचं. आपल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर बहुधा हे तिसरं असतं.

इथे उपचारछल येतो. ब्रँडचं नाव घेऊन आपण लक्षणेने औषधाबद्दल बोलतो. बोलायला सोपं जातं. मग हळूहळू ते नाव म्हणजेच औषध असं वाटू लागतं. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची तीच गोळी दिली की आजोबा म्हणतात, 'ही माझी गोळी नाही.' आजोबांचं काही चुकत नाही, त्यांना तसंच शिकवलं गेलंय. हाथी समितीने १९७५ साली ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने रद्द करायची शिफारस केली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांना सामाईक नावानेच औषध लिहायला सांगणारे नियम काढले, आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. आक्षेप होता दर्जाचा : सामाईक नावाने लिहिलं तर कुठल्याही कंपनीची कशीही गोळी रुग्णाच्या पोटात जाईल.

हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. १९८६ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून डायएथिलीन ग्लायकॉल हे विष गेलं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या पुरवठ्याची साखळी उलगडून दाखवली. २०२२ साली गांबियात भारतीय बनावटीच्या खोकल्याच्या औषधांशी मुलांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला, तेव्हाही संशय त्याच विषाचा. पण नीट बघा : त्यांतल्या बहुतेक बाटल्यांवर व्यापारी नाव होतंच. नावाने काही वाचवलं नाही. औषधसंहितेत प्रत्येक पदार्थापुढे 'ओळख' अशी एक चाचणी दिलेली असते. पिंपात काय आहे ते प्रयोगशाळेत पडताळायचं. ती ओळख खरी. ती निरीक्षक, प्रयोगशाळा आणि प्रामाणिक नोंदी यांतून येते. दर्जाची भीती खरी असेल तर मागणी जास्त निरीक्षकांची हवी, जास्त ब्रँडची नव्हे.

आता जैविक औषधांकडे या. ही जिवंत पेशींपासून बनतात, त्यामुळे दुसऱ्या कंपनीची नक्कल हुबेहूब होत नाही, 'अतिसदृश' होते. २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ठरवलं की अशा औषधांच्या सामाईक नावापुढे चार अक्षरांचं शेपूट लावायचं. 'इन्फ्लिक्सिमॅब'पुढे 'डीवायवायबी'. अर्थ काही नाही, तो मुद्दामच नाही. मोठ्या कंपन्यांनी वेगळ्या नावांचा आग्रह धरला होता : दुष्परिणाम झाला तर कुणाच्या औषधाने, हे कळायला हवं. अमेरिकेच्याच व्यापार आयोगाने २०१५ साली इशारा दिला होता की यामुळे औषधंच मुळात वेगळी आहेत असा डॉक्टरांचा समज होईल. युरोपात शेपूट नाही. तिथे ब्रँड आणि बॅच क्रमांक यांवरून माग काढतात. आणि अमेरिकेत जुन्या, आधीपासून असलेल्या मूळ औषधांना शेपूट लावायचं नाही, असं २०१९ साली ठरलं. म्हणजे मूळ मालकाला नुसतं नाव, आणि नव्याने आलेल्याला नावापुढे डाग.

इथे तत्त्वज्ञानातला जुनाच प्रश्न आहे. काशीत पाहिलेला देवदत्त आज पुण्यात दिसला. वय वाढलं, केस पिकले, तरी आपण म्हणतो, हा तोच देवदत्त. कुठला बदल झाला तरी 'तोच' राहतो आणि कुठल्या बदलाने 'दुसरा' होतो? यासाठी एक निकष ठरवावा लागतो आणि मग तो पाळावा लागतो. मूळ कंपनी जैविक औषधाची निर्मितीप्रक्रिया मधूनमधून बदलते. तरी औषध तेच, नाव तेच. दुसऱ्या कंपनीने तितक्याच फरकाने बनवलं की ते वेगळं. आणि पेटंट संपत आलं की त्याच पदार्थाचा नवा क्षार, नवा स्फटिक हा मात्र 'नवा शोध'. म्हणजे देवदत्त तोच की दुसरा, हे देवदत्ताकडे बघून ठरत नाही. उत्तराने कुणाचा फायदा होतो हे बघून ठरतं.

'नकली' या शब्दाचंही असंच झालं. विषारी किंवा पोकळ गोळी ही नकली. दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाची नक्कल, तीही नकली. आणि पेटंटचा वाद असलेलं, पण उत्तम दर्जाचं जेनेरिक? डिसेंबर २००८ मध्ये भारतातून ब्राझीलला चाललेलं रक्तदाबाचं औषध, लोसार्टन, नेदरलँड्समध्ये अडवलं गेलं. ना भारतात त्यावर पेटंट होतं, ना ब्राझीलमध्ये. केनियाने २००८ साली नकली मालाविरुद्ध जो कायदा केला त्याची व्याख्या इतकी सैल होती की त्यात जेनेरिकही सापडलं असतं. एचआयव्हीसह जगणारे तीन नागरिक न्यायालयात गेले आणि २०१२ साली तिथल्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्दच बाजूला ठेवला आणि 'निकृष्ट' व 'बनावट' असे दोन शब्द घेतले. बौद्धिक संपदेचा वाद त्यातून मुद्दाम वगळला. गोंधळ मिटवायला शब्द बदलावा लागला.

मग करायचं काय?

तुम्ही म्हणाल, प्रोफेसर, कंपन्यांना नफा नको म्हणता, मग औषधं शोधणार कोण? नफा नको असं मी म्हणालोच नाही. मी एवढंच म्हणतो की एका वादात एका शब्दाचा एकच अर्थ असावा. खर्चावरून किंमत मागायची असेल तर हिशेबाची वही उघडा. मूल्यावरून मागायची असेल तर मोजण्याचं साधन मान्य करा, आणि ते तुमच्या हातात नको. सुरक्षिततेसाठी ओळख हवी असेल तर बॅच क्रमांक, चाचणी, नोंद हे सगळ्यांना सारखं लावा, जुन्या मालकालाही. मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सभेत औषधांचे प्रत्यक्ष दर उघड करण्याचा ठराव झाला खरा, पण संशोधनखर्च उघड करण्याचा भाग वाटाघाटीत पातळ झाला. वही अजून बंदच आहे.

हे सगळं सामान्य माणसाच्या हाताबाहेरचं आहे, असंही समजू नका. बेडाक्विलिन हे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचं औषध. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. या औषधाच्या एका क्षारावरचं पेटंट मिळालं असतं तर जॉन्सन अँड जॉन्सनची मक्तेदारी २०२३ ऐवजी २०२७ पर्यंत लांबली असती. त्याला हरकत घेतली मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी. दोघीही क्षयातून उठलेल्या, आणि जुन्या विषारी उपचारांत दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. त्यांनी विचारलेला प्रश्न साधाच होता : हे खरंच नवं आहे का?

तुम्हीही असे साधे प्रश्न विचारू शकता. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा विचारा, 'डॉक्टर, या गोळीचं मूळ नाव काय?' पाकिटावर ते छापलेलं असतं, वाचा, लक्षात ठेवा. आणि कुणी तुम्हाला औषधाचं मूल्य सांगू लागलं, तर नम्रपणे विचारा : साहेब, कुठलं मूल्य म्हणताय, माझ्या जिवाचं की माझ्या खिशाचं?

इथे थांबतो. काही प्रश्न असतील तर जरूर विचारा.